उरोस्थीचे अर्बुद व छातीच्या भिंतीची पुनर्रचना

छातीच्या मधल्या चपट्या हाडात (उरोस्थीत) वाढलेली गाठ भोवतालच्या निरोगी हाडासह काढून ती जागा पुन्हा बांधून देण्याची शस्त्रक्रिया. या हाडात मूळ धरणारी अर्बुदे विरळ. प्रौढांतील कर्करोगी अर्बुदांपैकी उपास्थीतून उद्भवणारा कॉन्ड्रोसार्कोमा विशेष आढळतो. त्यावर केमोथेरपी व किरणोपचारांचा फारसा प्रभाव पडत नाही, त्यामुळे सारी भिस्त शस्त्रक्रियेवर असते.

गाठ हाताला टणक लागते, हाडाला धरून असते, हलत नाही. पुष्कळदा दुखतही नाही, म्हणून अंगावर काढली जाते किंवा जुन्या माराच्या खात्यावर टाकली जाते.

गोव्यात पेडणे तालुक्यात तुये आणि डिचोली तालुक्यात डिचोली, साखळी येथील आरोग्य केंद्रांतून असा रुग्ण म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयात किंवा थेट बांबोळीला जातो. बांबोळी म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय; पणजीत 1842 साली निघालेल्या वैद्यकीय शाळेची ही परंपरा. शेजारच्या सिंधुदुर्गातले रुग्णही तिथेच येतात. तालुक्याच्या दवाखान्यात गाठीला चिरा देऊन पाहणे मात्र रुग्णाला महागात पडते. बायोप्सीच्या वाटेवर अर्बुदाच्या पेशी सांडू शकतात आणि पुढे ती वाटही गाठीसोबत काढावी लागते. म्हणून सुई कुठून घालायची हे शस्त्रक्रिया करणाऱ्या पथकानेच ठरवावे.

सिटी स्कॅनवरून गाठीची व्याप्ती पाहतात. जोमाने पसरणाऱ्या अर्बुदाभोवती सुमारे 4 सेंमी निरोगी भाग घेण्याचा प्रघात आहे. हाड गेले की हृदयावरचे आवरण उघडे पडते. आधार नसलेला भाग श्वास घेताना आत खचतो, सोडताना बाहेर फुगतो. श्वासाची ताकद त्यातच वाया जाते. त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनच्या जाळीच्या दोन थरांत बोन सिमेंट भरून छातीच्या बाकाची ढाल घडवतात. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून ती हृदयापासून दूर घडवून, निवल्यावर बसवतात. टायटॅनियमच्या पट्ट्याही वापरतात. स्पेनमधील सालामांका येथे 2015 साली त्रिमितीय मुद्रणाने घडवलेली टायटॅनियमची उरोस्थी व फासळ्या बसवल्या गेल्या. वरून छातीचा किंवा पाठीचा स्नायू त्याच्या रक्तवाहिनीसह फिरवून आणतात. हे आच्छादन नीट जगले नाही तर ढालीला जंतुसंसर्ग होतो आणि ती काढावी लागते.

नंतरचे काही दिवस वेदनाशमन व श्वसनाचे व्यायाम फार मोलाचे असतात. तीन चेंडूंच्या नळीतून श्वास आत ओढून चेंडू वर ठेवायचा असतो. दुखते म्हणून उथळ श्वास घेतल्यास कफ साचून न्यूमोनिया होतो. कॉन्ड्रोसार्कोमा अनेक वर्षांनीही उलटू शकतो, त्यामुळे छातीची तपासणी दीर्घकाळ चालू ठेवतात.