संत ग्रेगरी व धान्याचे माप

महोत्सवाच्या स्मरणिकेत मागील धर्मगुरूंची छायाचित्रे, देणगीदारांची नामावळी व मंदिराच्या बांधणीची हकिकत यावयाचीच. ती या पुस्तकात अन्यत्र आली आहे आणि अधिकारी लेखण्यांनी लिहिली आहे. आमच्या वाट्यास आला तो विषय ख्रिस्ती पुढारीपणाचा. विषय थोर आहे व उपदेशास फार सोयीचा आहे, म्हणूनच आम्हांस त्याची किंचित धास्ती वाटली. रविवारच्या प्रवचनात जे आपण ऐकताच तेच येथे पुन्हा छापण्यापेक्षा एका माणसाचा कारभार कसा चालत असे हे वाचकांपुढे ठेवावे, असा आमचा मनोदय आहे. तो माणूस म्हणजे पोप पहिला ग्रेगरी, ज्यास पवित्र सभा ‘थोर’ हे विशेषण लावते व ज्याचा सण आपण 3 सप्टेंबर रोजी पाळतो.

ग्रेगरीचा जन्म सुमारे 540 साली रोम येथील एका कुलीन व श्रीमंत घराण्यात झाला. तिशीच्या सुमारास तो त्या नगराचा प्रिफेक्ट, म्हणजे मुख्य नागरी अधिकारी झाला. पुढे ती सत्ता सोडून त्याने सीलियन टेकडीवरील आपल्या पित्याच्या वाड्यातच संत आंद्रेयाच्या नावे मठ स्थापिला व स्वतः त्यात साधा मठवासी होऊन राहिला. त्याचे सर्वांत सुखाचे दिवस ते हेच, असे तो पुढे जन्मभर सांगत असे. ते सुख फार टिकले नाही. पोपने त्यास आपला वकील म्हणून कॉन्स्टंटिनोपल येथे बादशहाच्या दरबारी धाडले, आणि तेथून परतल्यावर काही वर्षांतच रोमवर एकामागून एक संकटे कोसळली.

589 च्या नोव्हेंबरात टायबर नदीस असा पूर आला की पवित्र सभेची धान्याची कोठारे ढासळली व हजारो माप गहू नासला. पुरामागोमाग ग्रंथिज्वराची साथ आली. पोप दुसरा पेलाजियस हाच तिच्या पहिल्या बळींपैकी एक. तो 590 च्या फेब्रुवारीत वारला. लोकांनी व धर्मगुरूवर्गाने एकमुखाने ग्रेगरीस निवडले. त्याने बादशहास पत्र लिहून ही निवड मंजूर करू नये अशी विनवणी केली, परंतु नगराच्या अधिकाऱ्याने ते पत्र वाटेतच अडवून लोकांचा निर्णय तेवढा पुढे पाठविला! मंजुरी येईपर्यंत ग्रेगरीने सर्व नगरास सात मिरवणुकांत विभागून प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेस बाहेर काढले. त्या वेळी तेथे हजर असलेल्या एका डीकनने पाहिले की एका तासाच्या अवधीत ऐंशी माणसे चालता चालता कोसळून मरण पावली. तरी ग्रेगरी प्रार्थना सांगावयाचा थांबला नाही. हेड्रियनच्या समाधीवर देवदूताने आपली तलवार म्यानात घातली ही सुंदर कथा आपणांपैकी पुष्कळांनी ऐकली असेल. ती कित्येक शतकांनंतरची आहे. ग्रेगरीचे मोठेपण तिच्यावाचून काही अडत नाही. 3 सप्टेंबर 590 रोजी त्याचा अभिषेक झाला.

धर्माध्यक्षाने कसे असावे यावर त्याने लवकरच एक ग्रंथ लिहिला. त्याचे चार भाग आहेत. आम्ही तो सेमिनारीत असता वाचला, आणि खरे सांगावयाचे तर तेव्हा त्याचा तिसरा भाग आम्हांस कंटाळवाणा वाटला होता. त्यात धनिकास कसे बोलावे व दरिद्र्यास कसे, धीटास कसे व भित्र्यास कसे, निरोग्यास कसे व आजाऱ्यास कसे, अशा जोड्यांमागून जोड्या येतात. धर्मग्रामात वीस-पंचवीस वर्षे घालविल्यावर तोच भाग आम्हांस सर्वांत खरा वाटू लागला आहे. परंतु ग्रंथ हा अखेर ग्रंथ. ग्रेगरीची पारख करावयाची तर त्याची पत्रे उघडावी. ती सुमारे साडेआठशे उरली आहेत, आणि त्यांत देवाचे नाव व गव्हाचे माप एकाच पानावर भेटतात.

त्या काळी पवित्र सभेपाशी इटली, सिसिली, सार्डिनिया इत्यादी प्रदेशांत भाविकांनी दान केलेल्या विस्तीर्ण जमिनी होत्या. त्या कुळे कसत, खंड मक्तेदार गोळा करीत, व वर रोमहून नेमलेला कारभारी देखरेख करी. रोमच्या गोरगरिबांचे अन्न सिसिलीच्या गव्हावर चाले. म्हणजे खंड जितका अधिक, तितका गरिबांना घास अधिक. धर्मकार्यासाठीच तो पैसा आहे, मग वसुलीत थोडी ओढाताण झाली तर काय बिघडले, असे कोणाही कारभाऱ्यास वाटावे. आणि तसेच चालले होते.

591 च्या मे महिन्यात ग्रेगरीने सिसिलीतील आपला कारभारी, सबडीकन पीटर, यास एक लांबलचक पत्र पाठविले. पीक उदंड आले की कुळांकडून धान्य बाजारभावापेक्षा कमी दराने धरले जाते असे त्याच्या कानी आले होते. त्याने आज्ञा केली की जो भाव बाजारात असेल तोच द्यावा. धान्याचे माप सोळा सेक्स्टारींचे असावयाचे, ते फुगविले जात होते. अठरांच्या वर कोणी एक दाणा घेऊ नये, असा त्याने निर्बंध घातला. सोन्याच्या वसुलीत शेकड्यास पाच ह्या हिशेबाने अधिक भार घेणारे मक्तेदार होते. ते बंद केले, आणि खोटी वजने सापडतील तेथे ती मोडून नवी करावी असे फर्माविले. कुळाच्या मुलीच्या लग्नावर जो कर घेत, तो सोन्याच्या एका नाण्याहून जास्त नसावा, गरिबाकडून त्याहूनही कमी घ्यावा. धान्याचे गलबत बुडाले तर तो तोटा कुळांच्या माथी मारू नये. मात्र प्रवासाचा हंगाम कारभाऱ्याच्या दिरंगाईने टळला असेल, तर तो दोष कारभाऱ्याचा.

या पत्रातील एक कलम आम्ही पुनःपुन्हा वाचले आहे. साऱ्याचा पहिला हप्ता पीक विकले जाण्यापूर्वीच भरावा लागे, तेव्हा कुळे अंमलदारांकडून जबर व्याजाने पैसे उचलीत व त्यातून वर येत नसत. आमच्या आजोबांच्या पिढीने सावकाराच्या ओटीवर जे पाहिले त्याहून हे निराळे नव्हते. ग्रेगरी सांगतो की ती रक्कम पवित्र सभेच्या खजिन्यातून कुळांस द्यावी व जसजसे पैसे हाती येतील तसतशी हळूहळू परत घ्यावी. आणि शेवटी तो असे काही करतो की जे आम्हांस त्या काळच्या कोणत्याही जमीनदाराच्या दप्तरात आढळलेले नाही. हे पत्र प्रत्येक गावी कुळांस वाचून दाखवावे व त्याच्या खऱ्या नकला त्यांच्या हाती द्याव्या, म्हणजे जुलूम झाल्यास आपला बचाव कशाच्या आधारे करावा हे त्यांस कळेल. धन्याने आपल्याच कारभाऱ्याविरुद्धचा कागद कुळाच्या हाती दिला! पवित्र सभेची थैली असल्या मिळकतीने विटाळू नये, हा त्याचा हेतू त्याने स्पष्ट लिहून ठेविला आहे.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य नाही. ती कुळे जमिनीशी बांधलेली होती, आणि ग्रेगरीने ते बंधन तोडले नाही. त्याने त्या चौकटीतच न्याय केला. कोणास हे थोडे वाटेल. ज्याच्या मापातून दाणे परत मिळाले त्यास ते थोडे वाटले नसावे.

ग्रेगरी रुक्ष होता असे मात्र समजू नये. याच पीटरने त्यास एकदा एक वाईट घोडा व पाच चांगली गाढवे पाठविली. तेव्हा त्याने उत्तरी कळविले की घोड्यावर बसता येत नाही कारण तो वाईट आहे, आणि गाढवांवर बसता येत नाही कारण ती गाढवे आहेत.

रोममध्ये तो दर महिन्याच्या पहिल्या तारखेस धान्य, तेल, मासळी इत्यादी वाटीत असे, व आजारी व अपंगांस रोज शिजविलेले अन्न घरपोच होई. अन्न घेणाऱ्या सर्वांची नावे, वये व धंदे लिहिलेली एक मोठी वही लॅटरन येथे ठेविलेली होती. नवव्या शतकात त्याचे चरित्र लिहिणारा डीकन जॉन ती तेव्हाही तेथे असल्याचे सांगतो. त्याच चरित्रात असे आहे की एके दिवशी एक भिकारी नगराच्या एका कोपऱ्यात मरून पडलेला सापडला. ही बातमी कळताच ग्रेगरीने, जणू तो आपल्याच हातून मेला अशा दुःखाने, काही दिवस मिस्सा अर्पण करण्याचे थांबविले.

हे वाचताना आम्हांस आमची एक गोष्ट आठवते, आणि ती लिहिल्यावाचून हा लेख पुरा करणे आम्हांस प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पूर्वी एका धर्मग्रामात असता, भर पावसाळ्यात एक एकटा म्हातारा आपल्या खोलीत वारला, व ते शेजाऱ्यांस तिसऱ्या दिवशी कळले. तो दोन महिने मिस्सेस दिसला नव्हता. त्याची बाकावरची जागा रिकामी आहे हे आमच्या दृष्टीस पडले होते. चौकशी करावयाची राहिली, कारण त्या दिवसांत मंदिराच्या छपराच्या वर्गणीची धावपळ होती. आम्ही त्याचा दफनविधी केला व दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे मिस्सा अर्पण केली. ग्रेगरीपाशी जशी वही होती तशी आमच्यापाशीही होती. तीत बाप्तिस्म्यांची व वर्गणीची नावे बिनचूक होती. त्यानंतर आम्ही एकट्या राहणाऱ्यांची निराळी यादी ठेवू लागलो. त्या म्हाताऱ्यास तिचा उपयोग झाला नाही.

लोंबार्ड लोकांच्या स्वाऱ्यांचा इतिहास मोठा आहे. येथे इतकेच सांगतो की 593 साली राजा आजिलुल्फ रोमच्या वेशीपर्यंत आला, तेव्हा नगराची मदार जवळजवळ एकट्या ग्रेगरीवर येऊन पडली. गळ्यात दोर बांधून कुत्र्यांसारखे विक्रीस नेले जाणारे रोमन त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, व बादशहा मॉरिस यास ते 595 साली खडसावून लिहिले. पुढे बादशहाच्या भगिनीकडून तीस पौंड सोने आले, त्यातील अर्धे त्याने क्रोटोन येथील बंदिवान सोडविण्यास दिले व अर्ध्याचे रोममधील धर्मभगिनींसाठी थंडीचे अंथरूण-पांघरूण घेतले. त्याने तिला या रकमेचा तपशीलवार हिशेबही पाठविला.

स्वकीयांस तो सोडीत नसे. सार्डिनियातील वृद्ध बिशप जानुआरियस याने एका रविवारी मिस्सेपूर्वी शेजाऱ्याचे उभे पीक नांगरून टाकले व मिस्सेनंतर जाऊन त्याचे बांधाचे दगड उपटले. ग्रेगरीने त्याच्या पांढऱ्या केसांकडे पाहून त्यास बहिष्काराची शिक्षा केली नाही, पण त्यास अशी मसलत देणाऱ्यांना ती भोगावी लागली. पालेर्मोच्या बिशपाने यहुदी लोकांची सभास्थाने बळकावून घाईघाईने त्यांस ख्रिस्ती मंदिरांचा अभिषेक केला, तेव्हा 598 साली ग्रेगरीने त्या जागांची किंमत यहुद्यांस भरून द्यावी व त्यांचे ग्रंथ व आभूषणे परत करावी असा हुकूम दिला. जे आपल्या कळपातले नव्हते त्यांच्याही मापात त्याने खोट खपवून घेतली नाही.

एक डाग मात्र राहतो. 602 साली फोकासने मॉरिस बादशहास त्याच्या मुलांसह ठार करून गादी बळकाविली, आणि ग्रेगरीने त्या खुन्याचे अभिनंदन अशा शब्दांत केले की ते वाचताना आम्हांस मान खाली घालावी लागते. रोमच्या रक्षणासाठी असे लिहिले असेल. पूर्ण हकिकत त्याला ठाऊक नसेल. त्याचे चाहते ही कारणे देतात व ती खोटी नसतील. तरी सिसिलीतल्या कुळाशी जो इतका नेमका बोलला, तो सिंहासनापुढे तितका नेमका बोलला नाही.

पोप आपणांस ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवितात, ती चाल ग्रेगरीनेच रूढ केली. अखेरच्या वर्षांत तो संधिवाताने इतका जर्जर झाला होता की महिनोन् महिने अंथरुणावरून उठणे अशक्य होई. 12 मार्च 604 रोजी त्याचा अंत झाला. त्याच्या अगदी अखेरच्या पत्रांत एक आहे ते पेरुजियाच्या बिशपास लिहिलेले. क्यूसीचा बिशप एक्लेसियस याच्यापाशी हिवाळ्याचे कपडे नाहीत व तो थंडीने हैराण झाला आहे, तरी त्यास उबदार वस्त्रे पोहोचवावी, आणि थंडी कडक असल्याने विलंब करू नये, असे त्यात लिहिले आहे.