वरुणतीर्थाचा उतार

जुन्या कोल्हापुरात वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, रावणेश्वर अशी तळी होती. पुढे वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर भाजीमंडई वसली. या तळ्यांचा इतिहास सहसा धार्मिक अंगाने सांगितला जातो. आम्हांला तो पाण्याच्या निचऱ्याचाही इतिहास वाटतो. उतारावरचे पावसाचे पाणी या खोलगट जागी थबकत असे. तळी बुजली, उतार तसाच राहिला. म्हणून जोराच्या पावसात गांधी मैदानाचे पुन्हा तळे होते.

शहरातील सांडपाणी आणि पावसाचे पाणी वाहून नेणारा जयंती नाला पंचगंगेस मिळतो. राजाराम बंधाऱ्याजवळ नदीची धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. अशा वेळी नाला नदीत रिता होत नाही, उलट नदीच नाल्यात शिरते. २००५ आणि २०२१ सालीही शहराने हे अनुभवले.

तेव्हा जुन्या गटारांची दुरुस्ती म्हणजे केवळ नळ बदलणे नव्हे. रुंद नळ पाणी लवकर पोहोचवील खरे, पण नदी तुडुंब असताना ते कोठे पोहोचवील? वाटेत त्याला थांबायला जागा हवी. मैदान आणि मंडई या गावाच्या खऱ्याच गरजा होत्या. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. मात्र शहरालगत झपाट्याने वाढणाऱ्या पाचगाव, कळंबा, उचगाव या गावांनी आपले ओढे आणि खोलगट जागा बुजवण्यापूर्वी वरुणतीर्थाची ही कहाणी अवश्य आठवावी.