घरच्या मशीनचा आकडा डॉक्टरांच्या संगणकाला कसा कळतो?

लंडनहून मुलाने पाठवलेले ग्लुकोमीटर घेऊन एक काकू दवाखान्यात आल्या. वहीत ७.२, ८.१, ३.४ असे आकडे होते. त्यांना वाटले, ही तीन महिन्यांची साखर, म्हणजे ३.४ उत्तमच! पण ते मशीन मिलिमोल प्रति लिटरमध्ये आकडे दाखवत होते. त्याला १८ ने गुणले की आपल्याकडचा आकडा मिळतो. ३.४ म्हणजे साधारण ६१. साखर ७० च्या खाली गेली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावी. रुग्ण बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट रुग्णालय गाठावे.

काकूंची झाली तशीच गफलत संगणकाचीही होऊ शकते. बीपी मशीन, ऑक्सिमीटर, दंडावरचा ग्लुकोज सेन्सर आता मोबाईलला जोडलेले असतात, पण नुसता आकडा पाठवून भागत नाही. काय मोजले, कोणाचे, केव्हा, कोणत्या उपकरणाने, कोणत्या एककात, हे आकड्यासोबत जावे लागते. असा अर्थ जोडण्याच्या पद्धतीला सिमँटिक तंत्रज्ञान म्हणतात. सर्व प्रकारच्या सेन्सर्ससाठी ‘सोसा’ नावाची सामाईक शब्दावली २०१७ मध्ये प्रमाणित झाली. वैद्यकात ‘लॉइंक’चे कोड वापरतात: वरच्या बीपीसाठी ८४८०-६, खालच्यासाठी ८४६२-४. कोड एकच असला की कोणत्याही कंपनीच्या मशीनचे रीडिंग योग्य रकान्यात बसते.

याचा तुम्हाला काय उपयोग? दंडावरचा सेन्सर रक्तातली नव्हे, त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो आणि ती रक्ताच्या काही मिनिटे मागे असते. त्यामुळे बोटाचे रीडिंग वेगळे आले तर घाबरू नका. नोंदीत ‘कशातली साखर’ हे लिहिलेले असेल तर डॉक्टरही फसत नाहीत. पण त्रास होत असेल आणि सेन्सरचा आकडा जुळत नसेल, तर बोटाची तपासणी करूनच ठरवा.

मशीनची तारीख आणि वेळ बरोबर लावा (हे जवळजवळ कोणीच करत नाही). आजोबा-आजी एकच बीपी मशीन वापरत असतील तर ‘युजर १’ आणि ‘युजर २’ वेगळे ठेवा, नाहीतर आजींच्या नावावर आजोबांचे बीपी जाते आणि गोळीचा डोस चुकू शकतो. १४ अंकी आभा क्रमांक असेल तर तुमच्या संमतीने नोंदी दुसऱ्या डॉक्टरांना पाहता येतात. संमती देण्यापूर्वी कोणाला आणि किती काळासाठी, ते वाचा.

पट्टा सैल बांधला होता, आंबा खाऊन हात न धुता बोट टोचले, नखाला गडद नेलपॉलिश होते, हे कोणत्याही कोडला कळत नाही. तपासणीला येताना मशीनच सोबत आणा, मी माझ्या मशीनशी ताडून पाहतो.