आज्यांचे डोळे आणि चूल

मंडळी, आमच्या नांदेड-लातूरकडच्या खेड्यांत कितीतरी आज्या "आता दिसत नाही, भोग हायेत" म्हणत ओसरीवर बसून राहिल्या. उपाय नव्हता असं नाही. मोतीबिंदूची शिबिरं होती, १९७६ पासून सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रमही होता. मग बायका मागे का राहिल्या?

माझ्या मते याचं उत्तर चुलीपाशी आहे. पूर्वी मोतीबिंदू पिकेपर्यंत थांबावं लागे. मग डोळ्यातलं भिंग काढून टाकत आणि पट्टी बांधून, डोकं न हलवता काही दिवस पडून राहायला सांगत. पुढे जन्मभर सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा चष्मा. तो फुटला की पुन्हा अंधार. पुरुषाच्या उशाशी बायको बसे. बाई आडवी झाली तर भाकरी कोण थापणार, नातवंडं कोण सांभाळणार?

१९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवलं. पण ते गरिबांच्या आवाक्यात यायला बराच काळ गेला. मदुराईच्या अरविंद रुग्णालयाच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून ते देशातच स्वस्तात बनवलं. आता आजी बहुधा दुसऱ्या दिवशी घरी येते. औषधाचे थेंब घालायचे, धूर आणि पाणी काही दिवस टाळायचं, एवढंच.

आपल्या रेणापूर तालुक्यातल्या माकेगावचे डॉ. तात्याराव लहाने तुम्हाला माहीत असतीलच. १९९५ साली आई अंजनाबाईंनी त्यांना स्वतःचं मूत्रपिंड दिलं. त्यानंतर या लेकानं मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात आणि गावोगावच्या शिबिरांत लाखाहून जास्त डोळ्यांना दृष्टी दिली. २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. मला वाटतं, त्यात अर्धा वाटा त्या माउलीचा आहे.

मुलांचं मात्र वेगळं. आजीचा मोतीबिंदू चार महिने थांबला तरी सहसा निभावतं. तान्ह्या बाळाचा थांबला तर मेंदू त्या डोळ्यानं बघायला शिकतच नाही. बाहुलीत पांढरी झाक दिसली की लगेच दवाखाना गाठावा. तिन्हीसांजेला ठेचकाळणारं पोर धांदरट नसतं, त्याला रातांधळेपणा असू शकतो. त्यासाठीच 'अ' जीवनसत्त्वाचे डोस १९७० पासून सुरू झाले. शेवग्याचा पाला तर आपल्या दारातच आहे.

दिवाळीला गावी जाल तेव्हा घरातल्या बाईमाणसाला सुईत दोरा ओवायला सांगून बघा. जमला नाही तर दवाखान्यात न्या, आणि तेवढे दिवस चूल तुम्ही सांभाळा.