पाकिटावरची बारीक ओळ

शुगरफ्री च्युइंगमच्या पाकिटामागे बारीक अक्षरांत एक सूचना असते: फिनाइलकीटोन्युरिया असलेल्यांसाठी नाही. कॉलेजात असल्यापासून मी ती वाचत आले, पण हे लोक कोण, असा प्रश्न कधी पडला नाही. परवा शोधायला बसले आणि पोचले थेट बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत.

१५ एप्रिल १९४५ला ब्रिटिश सैन्याने ती छावणी मुक्त केली. हजारो माणसं उपासमारीने मरायला टेकली होती. लंडनहून तिघांचं एक पथक तिथे गेलं: जॅनेट वॉन, रोझलिंड पिट-रिव्हर्स आणि चार्ल्स डेंट. सोबत प्रोटीन हायड्रोलायसेट होतं, म्हणजे आधीच तोडून अमिनो आम्लं केलेलं प्रथिन. त्याची चव इतकी वाईट की लोक ते पिईनात. शिरेतून द्यावं, तर सुई बघूनच ते घाबरत. छावणीतल्या डॉक्टरांची इंजेक्शनं ते विसरले नव्हते. बंगालच्या १९४३च्या दुष्काळासाठी बनवलेलं मिश्रणही तिथे दिलं गेलं, ते फार गोड निघालं. शेवटी थोडं थोडं दूधच कामी आलं.

हायड्रोलायसेट तिथे हरलं. पुढे दुसऱ्याच आजारात ते उपयोगी पडलं.

१९३४ साली नॉर्वेत आस्ब्यर्न फॉलिंग यांनी दोन मतिमंद भावंडांच्या लघवीतून हा आजार ओळखला होता. यात शरीराला फिनाइलअलानिन हे अमिनो आम्ल वापरता येत नाही. ते रक्तात साचतं आणि मेंदूची हानी करतं. दूध, डाळ, अंडी, मांस, सगळ्यांत ते असतंच. मग खायचं काय? बर्मिंगहॅममध्ये हॉर्स्ट बिकेल आणि सहकाऱ्यांनी हायड्रोलायसेट कोळशातून गाळून ते काढून टाकलं. त्या आहारावर दोन वर्षांची एक मुलगी रांगायला, उभी राहायला लागली. १९५३मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. साठच्या दशकात रॉबर्ट गथ्री यांच्या चाचणीने नवजात बाळाच्या रक्ताच्या थेंबावरून निदान होऊ लागलं.

मुलं वाचली. मेंदूची वाढ झाली की पथ्य सोडा, असं डॉक्टर सांगत. पण ही मुलं मोठी होणार, त्यांतल्या मुली आई होणार, याचा विचार कोणी केला होता? आजार आईला असेल, तर आजार नसलेल्या बाळाच्याही मेंदूला गर्भातच इजा होते. हा धोका पन्नासच्या दशकात दाखवणाऱ्यांत तेच चार्ल्स डेंट होते. म्हणून आता पथ्य जन्मभर पाळायचं, आणि दिवस राहण्याआधीपासून तर काटेकोर. त्यासाठी मोठ्यांचा वेगळा विभाग हवा, प्रथिनाचा ग्रॅमाग्रॅमाने हिशेब ठेवणारे आहारतज्ज्ञ हवेत. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमधल्या अशा विभागाला डेंट यांचंच नाव आहे.

आपल्याकडे प्रत्येक नवजात बाळाची ही चाचणी अजून होत नाही. पाकिटावरची ओळ मात्र सगळीकडे छापलेली असते. आपल्याला हा आजार आहे हे ज्याला कोणी सांगितलंय, त्यालाच ती वाचून उपयोग.