‘पेरेहिल’मधला र

स्पॅनिश शिकू लागलेल्याला प्रारंभीच दोन ‘र’ भेटतात. ‘पेरो’ (पण) म्हणताना जिभेचे टोक दातांमागे एकदाच आघात करते. ‘पेर्रो’ (कुत्रा) म्हणताना ते थरथरत राहते. पहिला र मराठी जिभेला अवघड नाही. ज्यांच्या भाषेत र घशाकडून येतो, त्यांना मात्र दोन्ही परके. हैतीची क्रेओल ही अशीच एक भाषा.

ऑक्टोबर १९३७ मध्ये डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याच्या आज्ञेने सैनिकांनी सीमाभागातील हजारो हैतीवंशीयांची, बहुतांशी कोयत्यांनी, कत्तल केली. सैनिक पार्सलीची जुडी दाखवून तिचे नाव विचारीत आणि ज्याला ‘पेरेहिल’ नीट उच्चारता येईना त्याला ठार करीत, अशी हकिकत प्रसिद्ध आहे. (या शब्दातील र थरथरता असल्याचे सर्रास लिहिले जाते; तो एकाच आघाताचा आहे.) रिटा डव्ह यांची ‘पार्सली’ ही कविता आणि एडविज दांतिका यांची १९९८ मधील ‘द फार्मिंग ऑफ बोन्स’ ही कादंबरी यांमुळे ती साहित्याच्या वर्गांत पोहोचली. बायबलातील ‘शिब्बोलेथ’ची आठवण होऊन आपणही ती चटकन स्वीकारतो.

इतिहासकार रिचर्ड ट्युरिट्स आणि लॉरेन डर्बी यांनी १९८० च्या दशकात वाचलेल्यांच्या साक्षी गोळा केल्या. त्यांतून दिसणारा सीमाभाग निराळा आहे. बाजार, सोयरीक, गुरे-ढोरे, सारे सीमेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. मारल्या गेलेल्यांपैकी अनेकांचा जन्मच डोमिनिकन भूमीवर झालेला होता. ते दोन्ही भाषा बोलत. ज्याला अस्खलित स्पॅनिश येते, त्याला ‘पेरेहिल’ कसा अडवणार? अशी परीक्षा कोठेच झाली नसेल असे मी म्हणत नाही. परंतु कोणाला मारायचे हे त्या अक्षराने ठरले, हे मानणे कठीण आहे. त्या हकिकतीने दोन लोकसमूह मुळातच वेगळे होते असे वाटू लागते, आणि नेमके हेच त्रुहियोला जगाला पटवायचे होते. त्याच्या राजवटीने तर हा प्रकार म्हणजे डोमिनिकन शेतकरी आणि हैतीचे गुरेचोर यांच्यातील चकमक असल्याचे सांगितले. १९३८ मध्ये साडेसात लाख डॉलर भरपाई ठरली. पुढे तीही घटवून सव्वापाच लाखांवर आणली गेली.

उसाच्या मळ्यांवरचे मजूर पाहावेत. त्यांच्यात हैतीतून आलेल्यांचा मोठा भरणा होता. मळे प्रामुख्याने अमेरिकन मालकीचे. उच्चारावरूनच माणसे निवडायची असती, तर आधी तेथेच जायला हवे होते. त्या मळ्यांना सैनिकांनी बहुतांशी हातही लावला नाही.