थांबलेले रक्त आणि राहून गेलेला प्रश्न

रक्त वाहताना दिसले की जीव आधी कासावीस होतो, विचार मागाहून सुचतो. म्हणूनच रक्त थांबवणाऱ्या औषधावर आपला विश्वास चटकन बसतो. ॲप्रोटिनिनचा इतिहास मला सांगावासा वाटतो तो यासाठीच.

हे औषध गुरांच्या फुप्फुसांपासून काढीत. जखमेवर धरलेली गुठळी विरघळवण्याची सोय शरीरातच असते. तिला हे औषध आवर घाली. १९८७ साली लंडनच्या डॉक्टरांनी दुसऱ्यांदा हृदयशस्त्रक्रिया होणाऱ्या रुग्णांना ते मोठ्या मात्रेत दिले आणि रक्तस्राव कमालीचा घटला. १९९३ मध्ये अमेरिकेने परवानगी दिली. रक्ताच्या बाटल्या वाचू लागल्या. शल्यविशारदांना आणखी काय हवे होते?

जानेवारी २००६ मध्ये ४,३७४ रुग्णांच्या पाहणीने मूत्रपिंडे निकामी होण्याचा धोका पुढे आणला. सप्टेंबरात अमेरिकी सल्लागार समिती बसली. कंपनीने स्वतःच करवून घेतलेल्या, सुमारे ६७ हजार रुग्णनोंदींच्या अभ्यासाचे प्राथमिक निष्कर्ष तेव्हा तिच्या हाती होते. समितीला ते सांगितले गेले नाहीत.

खरा निवाडा कॅनडातल्या चाचणीने केला. अतिजोखमीच्या २,३३१ रुग्णांत ॲप्रोटिनिनची तुलना दोन जुन्या, स्वस्त औषधांशी झाली. त्यांतले ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड हे जपानच्या उताको आणि शोसुके ओकामोतो या दांपत्याच्या संशोधनाचे फळ. मोठा रक्तस्राव ॲप्रोटिनिन घेणाऱ्यांत ९.५ टक्के, इतरांत १२.१ टक्के, पण महिन्याभरातले मृत्यू ६ टक्के, इतरांत सुमारे ४! चाचणी मध्येच थांबवली गेली आणि नोव्हेंबर २००७ मध्ये कंपनीने विक्री स्थगित केली.

मर्म इथेच आहे. रक्त खरोखरच कमी गेले होते. वर्षानुवर्षे मोजले गेले ते रक्त. माणसे किती वाचली, हे पुरेशा रुग्णांत ताडून पाहायला वीस वर्षे लागली. पुढे २०१२ मध्ये युरोपीय औषध संस्थेने फेरतपासणी करून, कॅनडातल्या चाचणीत उणिवा दाखवून, मर्यादित वापरासाठी स्थगिती उठवण्याची शिफारस केली. औषधाला देव किंवा दैत्य ठरवणे सोपे. वजनकाट्यावर पुन्हा पुन्हा ठेवणे अवघड.

आपल्या सीमाभागात शस्त्रक्रियेच्या संमतीचा कागद पुष्कळदा इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये असतो, आणि घरचे कुणीतरी थरथरत्या हाताने सही करते. रक्त थांबेल ना, एवढे आपण विचारतोच. ‘त्याने माणूस वाचण्याची शक्यता वाढते का? मूत्रपिंडांचे काय? दुसरे औषध आहे का?’ हेही सहीपूर्वी, आपल्याला समजेल अशा भाषेत, विचारून घ्यावे. तो आपला हक्कच आहे.